सरळ चालताना ठीक, वळताना झोकांडी: याला फक्त वय म्हणायचं का?

तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. वडील ७४ वर्षांचे. रोज अर्धा तास चालतात. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या बऱ्याच वर्षांपासून चालू आहेत, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, मेंदूच्या स्कॅनमध्ये काळजीचं काही नाही. तरी गेल्या वर्षभरात वळताना त्यांची झोकांडी जाते, अंधारात ते भिंतीला हात लावून चालतात, जिना उतरताना थबकतात. मागून कुणी हाक मारली म्हणून वळताना एकदा पडता पडता वाचले. डॉक्टर म्हणाले, ‘वय झालं.’ तुम्हाला विचारायचंय की हे खरंच वयामुळे आहे का, चालणं वाढवून फायदा होईल का, आणि काठी घ्यायला लावावी का. काठीचं नाव काढलं की ते चिडतात, हेही तुम्ही लिहिलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत अशीच तक्रार घेऊन आलेले साठीपुढचे लोक बरेच असतात. वडिलांना न पाहता निदान करणार नाही, पण तुम्ही दिलेल्या तपशिलांत बरंच काही आहे.

पहिली गोष्ट, तोल सगळ्यांचाच जातो. चालणं म्हणजे अंगाचा भार पुढे झुकवायचा आणि पडायच्या आत पुढचं पाऊल टाकून तो झेलायचा. नेहमीच्या चालीत साधारण ८० टक्के वेळ आपण एकाच पायावर असतो. पुढे येणाऱ्या पायाचा चवडा जमिनीच्या सगळ्यात जवळून जातो तेव्हा मधे जेमतेम एक ते दोन सेंटीमीटर अंतर असतं. एवढ्या कमी फरकाने चालायचं म्हटल्यावर पाय अडखळणार, भार इकडेतिकडे जाणार. विशीतल्या माणसाचंही तसंच होतं, पण तो इतक्या चटकन सावरतो की त्याच्या ते लक्षातही येत नाही. वयानुसार मुख्य बदल होतो तो या सावरण्यात. ते उशिरा सुरू होतं, त्यात जोर कमी असतो, आणि जिथे एका पावलात काम व्हायचं तिथे तीन-चार लहान पावलं टाकावी लागतात. म्हणून ‘तोल का जातो’ यापेक्षा ‘गेलेला तोल वेळेत का सावरत नाही’ असा प्रश्न घेऊन चालू. उपचार त्यावरच ठरतात.

आता तुमच्या वडिलांच्या अडचणीच्या जागा बघा: अंधार, वळणं, जिना, अचानक आलेली हाक. सरळ, उजेडातल्या, ओळखीच्या रस्त्यावर त्यांना काही त्रास नाही. मला यातूनच सगळ्यात जास्त माहिती मिळते.

आपण कुठे आहोत, किती झुकलोय, हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि तळपाय-घोटे-सांधे यांच्यातली जाणीव. एक वाट बंद झाली तर उरलेल्या दोन ती उणीव भरून काढतात. तरुणपणी तिन्ही भरपूर असतात, म्हणून अंधारातही आपण बिनधास्त चालतो. वयाबरोबर तिन्ही थोड्या थोड्या कमी होत जातात. दिवसाउजेडी ते जाणवत नाही, कारण डोळे सांभाळून घेतात. दिवा गेला की मग कळतं की बाकीच्या दोन वाटांवर किती कमी शिल्लक आहे.

वडिलांच्या बाबतीत माझा पहिला संशय पायांवर आहे. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात तळपायांच्या नसा हळूहळू बधिर होतात, आणि ते इतकं सावकाश होतं की विचारलं तर माणूस ‘पायांना काही नाही’ असंच सांगतो. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये मेटफॉर्मिन असेल तर आणखी एक मुद्दा: ती अनेक वर्षं घेतल्यावर शरीरातलं बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानेही पायांची जाणीव जाते. नेहमीच्या रक्त तपासणीत बी-१२ असतंच असं नाही, ते मुद्दाम सांगून करून घ्यावं लागतं. मी स्वतः १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ठोकल्यावर थरथरणारा धातूचा दुपाखी काटा) वाजवून त्याचा दांडा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवते आणि थरथर थांबली की सांगा म्हणते. कितीतरी जणांना फोर्क थरथरत असतानाच ‘थांबली’ वाटतं, काहींना ती सुरू झाल्याचंच कळत नाही. मग मी त्यांना बूट-मोजे काढून, पाय जुळवून उभं करते आणि डोळे मिटायला सांगते, अर्थात दोन्ही हात त्यांच्या भोवती धरून. त्या वेळी मी चेहऱ्याकडे बघत नाही, पावलांकडे बघते. बोटं जमीन पकडायला आकसलेली असतात आणि घोट्याच्या पुढचे स्नायुबंध सारखे ताठ-सैल होत असतात. डोळे मिटल्यावर तोल एकदम बिघडला की समजायचं, हा माणूस आतापर्यंत डोळ्यांच्या जोरावर उभा होता.

यावरून भिंतीला हात लावण्याचा अर्थही कळेल. बहुतेक वेळा त्यात भार टाकलेला नसतो, नुसती बोटं टेकलेली असतात. प्रयोगांमध्ये असं दिसलंय की बोटाचं टोक एखाद्या स्थिर वस्तूला अगदी हलकं, वजन पेलणार नाही इतकं टेकवलं तरी शरीराची डोलणी कमी होते. पायांकडून जी माहिती येत नाही ती बोटांतून मिळते. म्हणजे वडील शरीराची गरज ओळखून योग्य तेच करताहेत. त्याबद्दल त्यांना टोकू नका. काठीबद्दल बोलताना हा मुद्दा उपयोगी पडेल.

वळताना जाणारी झोकांडी पाहिली की कानाचा विचार करावा लागतो. कानाच्या आतल्या तोलाच्या अवयवात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात, त्या वयाबरोबर कमी होतात. मान वळली तरी समोरचं दृश्य स्थिर ठेवणं हे त्यांचं काम. ते मंदावलं की मान वळवल्यावर क्षणभर सगळं सरकल्यासारखं होतं. याशिवाय उतारवयात कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून तोलाच्या नळीत जातात, हेही बऱ्याचदा आढळतं. कुशीवर वळताना, वर बघताना किंवा अंथरुणातून उठताना काही सेकंदांची गरगर होत असेल तर हे तपासून घ्या. डोकं ठराविक क्रमाने वळवून ते कण परत जागी आणता येतात, बहुतेकांना एक-दोन वेळांत आराम पडतो. इतकी साधी गोष्ट असूनही लोक वर्षानुवर्षं चक्करीच्या गोळ्या खात राहतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

डोळ्यांचं थोडक्यात. शस्त्रक्रिया झाली म्हणजे नजरेचा प्रश्न संपला असं नाही. चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर त्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. जिना उतरताना नजर त्याच भागातून जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. थबकण्याचं ते एक कारण असू शकेल. जे नियमित बाहेर पडतात त्यांना मी चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करायला सुचवते.

आता स्नायूंकडे येऊ, कारण सर्वांत जास्त सुधारणा इथेच होऊ शकते. वय वाढताना स्नायू कमी होतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण ताकद जितकी कमी होते त्याहून जास्त वेगाने झटका कमी होतो, म्हणजे ती ताकद चटकन वापरता येणं. पटकन आकुंचन पावणारे स्नायुतंतू आधी आणि जास्त झिजतात. तुमचे वडील खुर्चीतून सावकाश उठू शकत असतील, जड पिशवी उचलतही असतील, पण अडखळल्यावर पाऊल पुढे टाकायला वेळ मिळतो तो सेकंदाहूनही कमी. तिथे ताकद असून पुरत नाही, ती लगेच हाताशी यावी लागते. घोटा आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू यात महत्त्वाचे. घोटा वर उचलणारे स्नायू कमजोर झाले की चवडा घासतो (जुन्या चपलेचा पुढचा भाग जास्त झिजलाय का, जरूर बघा). खुब्याच्या बाजूचे कमजोर झाले की एका पायावर असताना कंबर कलते, आणि वळताना तर एका पायावर फिरावंच लागतं.

मागून आलेली हाक हा मला सगळ्यात बोलका प्रसंग वाटतो. चालणं आपोआप होतं असं आपण समजतो, पण उतारवयात त्याला बरंचसं लक्ष द्यावं लागतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक साधं निरीक्षण प्रसिद्ध केलं होतं: बरोबर चालताना गप्पा सुरू केल्या की जे वृद्ध चालायचे थांबतात, त्यांचं पुढच्या काळात पडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. वडिलांना हाक आली तेव्हा ऐकणं, ओळखणं, मान वळवणं, अंग वळवणं आणि पाय हलवणं हे सगळं एकदम करायचं होतं. मान गेली, पाय मागे राहिले. घरातल्यांना माझी विनंती असते की चालत्या माणसाला मागून हाक मारू नका, समोर जाऊन बोला.

मग हे वय आहे का? यातला काही भाग नक्की वयाचा आहे. पण ‘वय झालं’ म्हणून विषय मिटवण्याआधी काही कारणं तपासायलाच हवीत, कारण त्यांतली बरीचशी दुरुस्त होतात. पायांच्या नसा, बी-१२, कान आणि चष्मा वर आलेच. राहिला रक्तदाब. तो नेहमी बसून मोजतात. वडिलांचा आडवं पडून मोजा, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना ते आकडे लिहून दाखवा. रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाने स्वयंचलित नसांवर (रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या) झालेला परिणाम, पाणी कमी पिणं, कशानेही असं होतं. झोपेची गोळी, ॲलर्जीची झोप आणणारी गोळी किंवा नैराश्यावरची औषधं चालू असतील तर तीही यादी घेऊन जा. कुठलीही गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका, झोपेची गोळी तर अजिबात नाही.

काही लक्षणं असतील तर व्यायामाच्या आधी न्यूरॉलॉजिस्टकडे जायला हवं. पावलं आखूड होऊन पाय घासत चालणं आणि चालताना हात न हलणं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटणं, त्याबरोबर लघवीवरचा ताबा आणि स्मरणशक्ती कमी होणं. पाय ताठरून हातांनी बटणं लावणं अवघड होणं, कारण मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आला की असं होतं. आणि तोल अचानक गेला, चेहरा वाकडा झाला, बोबडी वळली किंवा एक बाजू लुळी पडली तर थेट रुग्णालयात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी दाखवायचं.

चालणं वाढवण्याबद्दल. वडिलांचं रोजचं चालणं हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी उत्तम आहे, ते चालू ठेवा. पण केवळ चालण्याने पडणं कमी होतं असं दिसलेलं नाही. ज्या व्यायामात तोलाची परीक्षा होते, त्यानेच ते कमी होतं. २०१९ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून झालेल्या कॉक्रेन आढाव्यात व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, आणि त्यात तोलाचे व रोजच्या हालचालींचे व्यायाम सर्वांत भरवशाचे ठरले. कारण साधं आहे. सपाट रस्त्यावर सरळ चालताना सावरायची वेळच येत नाही, आणि वेळ न आल्यास सावरण्याचा सराव होत नाही.

माझी पद्धत सांगते. स्वयंपाकघराच्या ओट्याशी किंवा न हलणाऱ्या जड टेबलाशी उभं राहायचं, मागे खुर्ची. पहिली पायरी, पाय जुळवून. दुसरी, एक पाऊल अर्धं पुढे. तिसरी, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून एका रेषेत. चौथी, एका पायावर. प्रत्येक स्थितीत आधार न घेता १० सेकंद. ७४ व्या वर्षी तिसरी स्थिती १० सेकंद टिकली नाही तर पडण्याची जोखीम वाढलेली आहे असं धरतात. ज्या पायरीवर वडील डोलतात पण ओटा घट्ट पकडावा लागत नाही, तीच त्यांची सरावाची पायरी. लोक इथे चुकतात. जी स्थिती आरामात जमते तीच रोज करतात आणि महिन्याभराने फरक नाही म्हणतात. थोडं डोलायलाच हवं, कारण त्या डोलण्यातच सराव होतो. ती स्थिती सोपी झाली की नजर समोर ठेवून मान हळूहळू डावी-उजवीकडे वळवायची. मग त्याच स्थितीत गप्पा मारायच्या.

दुसरा व्यायाम खुर्चीतून उठ-बस, हात छातीशी घेऊन. उठायचं झटकन, बसायचं सावकाश. वर सांगितलेला झटका यातून परत येतो. आधी ३० सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर समजतात. त्याबरोबर ओटा धरून टाचा उचलणं, चवडे उचलणं आणि ओट्याच्या कडेने आडवी पावलं टाकत जाणं.

तिसरा व्यायाम मी वडिलांसारख्यांना आवर्जून देते. तुम्ही जवळ, हात पोहोचेल इतक्या अंतरावर उभे राहा आणि ‘डावा’, ‘उजवा’, ‘मागे’ असं कुठल्याही क्रमाने म्हणा. त्यांनी लगेच त्या दिशेला एक मोठं पाऊल टाकून परत मध्ये यायचं. वळण्याचाही सराव वेगळा: जागेवर गर्रकन फिरायचं नाही, आधी नजर, मग पाय उचलून अर्धगोल घेत दोन-तीन ठाम पावलं. सुरुवातीला सगळे पाय फरफटत, खूप बारीक पावलांनी वळतात. पाय उचलून वळायला लागले की आत्मविश्वास परत आलेला स्पष्ट दिसतो.

हे सगळं मिळून आठवड्याला निदान तीन तास व्हायला हवं, थोडं थोडं रोज केलं तरी चालेल. फरक काही आठवड्यांत जाणवू लागतो, पक्का व्हायला काही महिने लागतात, आणि सोडून दिलं की कमावलेलं हळूहळू जातं. पाय खरोखर बधिर असतील तर ती जाणीव व्यायामाने परत येणार नाही. मात्र उरलेल्या दोन वाटा आणि स्नायू तयार करून चालण्यात चांगली सुधारणा होते. सुरुवातीचे काही दिवस प्रत्यक्ष फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली केलेलं बरं, विशेषतः एकदा पडता पडता वाचलेत म्हणून.

भीतीबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. पडायची भीती बसली की माणूस अंग ताठ करतो, नजर पायांवर ठेवतो, बाहेर जाणं कमी करतो, आणि त्यामुळे स्नायू आणखी उतरतात. घरातले काळजीपोटी ‘तुम्ही बसा, मी आणते’ म्हणतात तेव्हा नकळत त्यात भर पडते. त्यांना कामं करू द्या, फक्त जागा सुरक्षित करा. रात्री संडासाच्या वाटेवर मंद दिवा, न्हाणीघरात भिंतीत पक्का बसवलेला दांडा, सटकणारी पायपुसणी हटवलेली. घरातही टाच बंद असलेली, पातळ-टणक तळाची चप्पल किंवा बूट. मऊ गुबगुबीत तळाने पायांना मिळणारी थोडीफार माहितीही बुजते. आणि पडल्यावर उठायचं कसं ते चटईवर एकदा शिकवून ठेवा: कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, एक पाऊल पुढे रोवून उठायचं. उठता येतं हे कळल्यावर भीती बरीच ओसरते.

काठी घ्यावी का हे तपासणीवर अवलंबून आहे. पायांची जाणीव कमी निघाली, तर बाहेर आणि अंधारात ती वापरावी असं मी म्हणेन. उंची अशी की सरळ उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी. एक पाय दुबळा असेल तर काठी विरुद्ध हातात. वडिलांना ‘आधार घ्या’ म्हणू नका. भिंतीवरची बोटं जे काम करतात तेच काठी भिंत नसलेल्या जागी करते, असं समजावून सांगा. मी हे सांगितल्यावर बऱ्याच जणांचा विरोध मावळलेला पाहिलाय.

सध्या एवढं करा: झोपून आणि उभं राहून रक्तदाब, ओट्याशी टाच-बोटं एका रेषेत किती सेकंद टिकतात, आणि ३ मीटरचं चालणं. म्हणजे खुर्चीतून उठून ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं. वळताना किती पावलं टाकतात तेही मोजा. हे आकडे आणि गोळ्यांची नावं कळवलीत, तर कोणत्या डॉक्टरांकडे आधी जायचं आणि कुठल्या व्यायामापासून सुरुवात करायची ते अधिक नेमकं सांगू शकेन.